राइझ की रेझ, लाय की ले : इंग्रजीतली जुळी क्रियापदं आणि आपलं पडणे-पाडणे

ओसरी

जुन्नर तालुक्यातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी नववी-दहावीला इंग्रजी शिकवते. क्रियापदांची तीन रूपं आमच्याकडे अजूनही तोंडपाठ करून घेतात. ‘राइझ-रोझ-रिझन’ मुलं धडाधड म्हणतात. अडतं ते वाक्यात. ‘सूर्य उगवतो’ला राइझ आणि ‘हात वर कर’ला रेझ, हे फळ्यावर पटतं, पण पेपरात ‘द सन रेझेस’ उतरतंच. लाय-ले, फॉल-फेल, सिट-सेट या जोड्यांचीही तीच गत.

माझं ठाम मत असं आहे की या जोड्या आपण चुकीच्या खणात टाकतो. ‘गोंधळात टाकणारे शब्द’ अशी एक यादी पुस्तकांत असते. तिच्यात अफेक्ट-इफेक्ट आणि अडॉप्ट-ॲडॅप्ट यांच्या शेजारीच लाय-ले बसवलेलं असतं. पण अडॉप्ट आणि ॲडॅप्ट फक्त ऐकायला जवळचे आहेत. लाय आणि ले यांच्यात नातं आहे, आणि ते नातं मराठी मुलाला शाळेत येण्याआधीपासून माहीत असतं. पडणे-पाडणे, मरणे-मारणे, जळणे-जाळणे, गळणे-गाळणे, तुटणे-तोडणे, सुटणे-सोडणे. आपसूक घडणारी क्रिया, आणि कुणीतरी घडवून आणलेली तीच क्रिया. पोटातला स्वर (तुटणे-तोडणेसारख्या जोड्यांत व्यंजनही) बदलला की काम झालं.

राइझ म्हणजे स्वतः वर येणं, रेझ म्हणजे दुसऱ्याला वर आणणं. फॉल म्हणजे पडणं, फेल म्हणजे पाडणं (हे मुख्यतः झाडाबद्दल). सिट म्हणजे बसणं, सेट म्हणजे बसवणं, जसा अंगठीत खडा बसवतात तसा. लाय म्हणजे आडवं पडून असणं, ले म्हणजे आडवं ठेवणं.

तपासायला मी मुलांना ‘ने’ देते. मराठी वाक्य भूतकाळात म्हणून बघा. ‘मुलगा पडला’, ने नाही, म्हणून फॉल. ‘मुलाने झाड पाडलं’, ने आला, म्हणून फेल. ‘किंमत वाढली’ राइझ, ‘दुकानदाराने किंमत वाढवली’ रेझ. ‘प्रश्न उद्भवला’ला अराइझ, ‘आमदारांनी प्रश्न उपस्थित केला’ला रेझ. वर्गात हे चालतं असा माझा अनुभव आहे. इथे भाषेची जाण असलेली मंडळी आहेत, म्हणून विचारते: ही तपासणी कुठे कुठे फसेल? आणि अशा आणखी जोड्या आहेत का?

नीरक्षीर

उत्तम धागा. तुम्हाला वर्गात जे साम्य दिसलं ते योगायोगाचं नाही, हे आधी सांगतो.

संस्कृतात ‘पतति’ म्हणजे पडतो आणि ‘पातयति’ म्हणजे पाडतो. हीच जोडी प्राकृतातून येत येत आपली पडणे-पाडणे झाली. तसंच ‘सीदति’ म्हणजे बसतो आणि ‘सादयति’ म्हणजे बसवतो. इंग्रजीतले सिट आणि सेट याच धातूचे आहेत आणि याच रीतीने झाले आहेत. संस्कृतातला प्रयोजकाचा, म्हणजे क्रिया घडवून आणण्याचा, ‘अय’ आणि इंग्रजीच्या पूर्वज जर्मानिक भाषेतला प्रयोजकाचा ‘य’ हे एकाच मूळ प्रत्ययाचे वंशज. तिकडे ‘सत्यन’ असं काहीसं रूप होतं. पुढे तो ‘य’ गळून गेला, पण जाता जाता आधीच्या ‘अ’ला ‘ए’कडे ओढून गेला, म्हणून सॅटच्या घरात सेट जन्मला. आपल्याकडे स्वर दीर्घ झाला, त्यांच्याकडे पुढे सरकला. विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळाच्या असाव्यात असं सांगितलं, ते आपण इतिहासाच्या पुस्तकात वाचतो. त्याचा जिवंत पुरावा नववीच्या वर्गात सापडावा, याचा मला फार आनंद झाला.

एक भर. रेझ हा शब्द मूळचा इंग्रजांचा नाही, तो उत्तरेकडून आलेल्या नॉर्स भाषिकांचा. राइझचं अस्सल इंग्रजी प्रयोजक रूप आहे ‘रिअर’, म्हणजे मुलं वाढवणं, जनावरं पाळणं. त्यामुळे मुलं ‘रेझ’ही करतात आणि ‘रिअर’ही करतात. दोन्ही सख्खी भावंडं, फक्त वेगवेगळ्या गावांत वाढलेली.

‘ने’च्या तपासणीबद्दल: मराठीत काही सकर्मक क्रियापदं भूतकाळात ने घेत नाहीत. ‘तो पाणी प्याला’, ‘ती धडा शिकली’, ‘तो नाव विसरला’. शिवाय मी आणि तू यांना ने दिसतच नाही, ‘मी झाड पाडलं’. म्हणून तपासणी नेहमी ‘त्याने-तिने’ वापरून करायला सांगा.

ओसरी

नीरक्षीर, मनापासून आभार. ‘त्याने-तिने’ची अट उद्यापासून वर्गात. पिणे-शिकणे-विसरणे ही मंडळी माझ्या जोड्यांत येत नाहीत, त्यामुळे तिथे अडचण येऊ नये.

नीरक्षीर

पिणे येतं की! पिणे-पाजणे. इंग्रजीत ड्रिंकचं प्रयोजक रूप आहे ड्रेंच. आज ड्रेंच म्हणजे चिंब भिजवणं, पण मूळ अर्थ पाजणं हाच.

बांधावरून

थांबा, ड्रेंचिंग तर आमचा रोजचा शब्द आहे! नारायणगाव पट्ट्यात टोमॅटो लावणाऱ्या कुणालाही विचारा. फवारणी पानांवर, ड्रेंचिंग मुळाशी. मराठीत आळवणी म्हणतो. रोपाच्या बुडाशी औषध ओतायचं, म्हणजे रोपाला पाजायचंच ते. ओसरीताई, तुमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांनी घरी हा शब्द ऐकलेला असणार.

गोठा

पशुवैद्यकातही आहे. शेळ्या-मेंढ्यांना जंताचं औषध तोंडातून देतात त्याला ड्रेंचिंगच म्हणतात, त्यासाठी ड्रेंचिंग गन मिळते. म्हणजे जुना ‘पाजणे’ हा अर्थ आमच्या कामात जसाच्या तसा शिल्लक आहे. आज कळलं की तो ड्रिंकचा आहे. एक सांगतो, दूध किंवा औषध पाजताना जनावराचं तोंड फार वर करू नये, श्वासनलिकेत जातं. विषय वेगळा आहे, पण नेहमी घडतं म्हणून लिहिलं.

मोडीवाला

या चर्चेत एक गोष्ट लक्षात येते आहे, ती मुलांच्या पाठांतराला उपयोगी पडेल.

आपसूक घडणाऱ्या गटाचे भूतकाळ बघा. राइझ-रोझ, सिट-सॅट, फॉल-फेल, लाय-ले, ड्रिंक-ड्रँक. सगळे आतून बदलतात. घडवून आणणाऱ्या गटाचे बघा. रेझ-रेझ्ड, फेल-फेल्ड, ले-लेड, ड्रेंच-ड्रेंच्ड. सगळे मागे ‘ईडी’ घेतात. लेड वेगळं दिसतं ते स्पेलिंगमुळे, उच्चारात तोच ‘ड’ आहे. सेट तेवढं टी-कारान्त असल्यामुळे तसंच राहतं.

हाच कायदा नात्यागोत्याबाहेरच्या शब्दांनाही लागू पडतो. एका क्रियापदाचा भूतकाळ दुसऱ्या क्रियापदाच्या पहिल्या रूपासारखा दिसला, की ते दुसरं क्रियापद बहुधा ईडीचं निघतं:

फाइंडचा भूतकाळ फाउंड. पण ‘फाउंड’ म्हणजे स्थापना करणं हे वेगळं क्रियापद, त्याचं फाउंडेड. १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज फाउंड झालं नाही, फाउंडेड झालं. ग्राइंडचा भूतकाळ ग्राउंड, गिरणीत दळलेलं पीठ. विमानाला उड्डाण करू न देणं हेही ग्राउंड, पण त्याचं ग्राउंडेड. २०१९ च्या मार्चमध्ये बोइंगची ७३७ मॅक्स विमानं ग्राउंडेड झाली, ही बातमी सगळ्यांना आठवत असेल. सी-सॉ म्हणजे पाहिलं. करवतीने कापणं ते सॉ, त्याचं सॉड. बेअर-बोअर म्हणजे सोसलं, भोक पाडणं ते बोअर, त्याचं बोअर्ड. आपली बोअरवेल तीच. वाइंडचा भूतकाळ वाउंड, जखमी करणं ते वूंड, त्याचं वूंडेड. इथे स्पेलिंग एकच आणि उच्चार दोन.

माझ्या मते ही शेवटची गोष्ट सगळ्यांत कामाची आहे, कारण पाठ केलेल्या तक्त्यांचीच ती किल्ली होते.

सडेतोड

सगळं वाचलं. माहिती छान आहे, पण मला यात एक धोका दिसतो. नववीच्या मुलाला जर्मानिक ‘य’ कशाला? त्याला वाक्यं हवीत. शिकवणाऱ्याने समजून घ्यावं आणि मुलांपुढे फक्त वापर ठेवावा.

ले साठी माझ्याकडे सोपा उपाय आहे: मराठीतलं ‘घालणे’. कोंबडीने अंडं घातलं, द हेन लेड ॲन एग. पाया घातला, लेड द फाउंडेशन. पायघड्या घातल्या, गालिचा घातला, सगळीकडे लेड. रूळ आणि नळ आपण ‘टाकतो’, तेही लेड. मुंबईत गेटवे ऑफ इंडियाची कोनशिला ३१ मार्च १९१३ ला बसवली, इंग्रजीत ‘लेड’. विधिमंडळात अहवाल ‘पटलावर ठेवतात’, इंग्रजीत ‘लेड ऑन द टेबल’. घालणे, टाकणे, ठेवणे, बसवणे. या चारांपैकी काही मनात आलं तर लाय वापरायचा प्रश्नच येत नाही.

आणि लाय म्हणजे पडून असणं. मांजर उन्हात पडलंय, पुस्तक टेबलावर पडलंय, गाव नदीच्या काठी वसलंय. तीनही लाय. खोटं बोलणं ते वेगळं लाय, त्याचं लाइड. दोन वाक्यं रोज बोलून घ्या, महिन्याभरात बसेल.

ओसरी

सडेतोड, ‘घालणे’ मी नक्की घेणार. पण मुलांपुढे नातं मांडण्याबद्दल माझं मत बदललेलं नाही. ‘य’ सांगायची गरज नाही, ते मान्य. पडणे-पाडणे मात्र सांगितलंच पाहिजे. माझ्या वर्गातल्या मुलांना इंग्रजी म्हणजे संपूर्ण परका कारभार वाटतो, आणि मराठी माध्यमातलं आहोत म्हणून आपल्याला ते येणार नाही असं त्यातल्या कित्येकांनी मनाशी धरलेलं असतं. तुमच्या घरात जे आहे तेच तिकडे आहे, हे कळल्यावर त्यांचा आवाज बदलतो. मला ते व्याकरणाइतकंच महत्त्वाचं वाटतं.

टेम्सकाठ

इंग्लंडमध्ये बरीच वर्षं आहे. लाय-ले बद्दल मुलांना धीर द्यायला हवा, म्हणून लिहिते. इथली माणसं बोलताना सर्रास ‘आय वॉज लेइंग ऑन द सोफा’ म्हणतात. लायचा भूतकाळच ‘ले’ असल्यामुळे त्यांच्याही कानात ते मिसळून गेलंय. लिहिताना मात्र कार्यालयात, वृत्तपत्रांत काटेकोरपणे पाळतात, आणि परीक्षेत तर पाळायलाच हवं. राइझ-रेझमध्ये इथे सहसा कुणी गल्लत करत नाही. एक गंमत आहे: पगारवाढीला ब्रिटिश ‘राइझ’ म्हणतात आणि अमेरिकन ‘रेझ’. दोघांचं आपापल्या जागी बरोबर.

आणि रेझ ऐकताना सावध राहा. त्याच उच्चाराचं दुसरं ‘रेझ’ आहे, झेडने लिहायचं, अर्थ जमीनदोस्त करणं. एकाने इमारत उभी राहते, दुसऱ्याने भुईसपाट होते. कानाला काहीच फरक कळत नाही, वाक्यावरूनच ओळखायचं.

शब्दपालखी

उच्चाराबद्दल थोडं. मराठी माणसाला लिव्ह आणि लीव्ह, फिल आणि फील, सिट आणि सीट इथे अडचण येते, कारण आपण ऱ्हस्व-दीर्घ लिहितो पण बोलताना तो भेद फारसा पाळत नाही. ‘कवि’ लिहा की ‘कवी’, तोंडातून एकच निघतं. शिवाय इंग्रजीत हा फरक केवळ लांबीचा नाही. लिव्हमधली इ जरा सैल असते, ओठ ताणलेले नसतात. लीव्हमध्ये ते ताणले जातात. आरशासमोर करून बघितलं की चटकन कळतं.

याचा परिणाम पुण्या-मुंबईत घराच्या करारावर दिसतो. ‘लीव्ह अँड लायसन्स’ला सगळे ‘लिव्ह अँड लायसन्स’ म्हणतात आणि ‘राहण्याचा परवाना’ असा अर्थ लावतात. ते लीव्ह म्हणजे सोडणंही नाही. जुन्या इंग्रजीतला परवानगी हा अर्थ आहे, जो आपल्या रजेच्या ‘लीव्ह’मध्येही आहे.

दुसरी गोष्ट, शेवटचं व्यंजन. इंग्रजीत नाम आणि क्रियापद यांच्यातला फरक कितीतरी ठिकाणी शेवटच्या व्यंजनात असतो आणि क्रियापदाचं व्यंजन घोष, म्हणजे घशात कंप होऊन निघणारं, असतं. ॲडव्हाइस म्हणजे सल्ला, ॲडव्हाइझ म्हणजे सल्ला देणं. यूस-यूझ, हाउस-हाउझ, प्रूफ-प्रूव्ह, बिलीफ-बिलीव्ह, ब्रेथ-ब्रीद. लूझ आणि लूस मात्र या नियमात बसवू नका. लूझ म्हणजे गमावणं, लूस म्हणजे सैल. लूझला एकच ओ लिहायचा, हे वेगळं लक्षात ठेवावं लागतं.

दिवाणी-फौजदारी

न्यायालयात भाषांतराचं काम करतो. आमच्याकडच्या काही जोड्या देतो, कारण इथे चूक झाली तर कागदाचा अर्थच उलटतो.

प्रॉसिक्यूट म्हणजे खटला भरणं, पर्सिक्यूट म्हणजे छळ करणं. कुंपणावर पाट्या असतात ना, आगंतुकांवर कारवाई होईल अशा, तिथे प्रॉसिक्यूटेड हवं. पर्सिक्यूटेड रंगवलेल्या पाट्या मी पाहिल्या आहेत. प्रिस्क्राइब म्हणजे विहित करणं, डॉक्टरने औषध लिहून देणं. प्रोस्क्राइब म्हणजे बंदी घालणं. ब्रिटिश सरकार आक्षेपार्ह ठरवून जी पुस्तकं जप्त करायचं, त्यांना प्रोस्क्राइब्ड म्हणत. फ्लाउट म्हणजे नियम धाब्यावर बसवणं, फ्लाँट म्हणजे मिरवणं. अफेक्ट म्हणजे परिणाम करणं आणि इफेक्ट हे क्रियापद असेल तर घडवून आणणं. ‘टु इफेक्ट रिकव्हरी’ म्हणजे वसुली करणं. तिथे अफेक्ट लिहिलं तर वसुलीवर परिणाम झाला असा अर्थ होतो.

अडॉप्टसाठी मुलांना संविधानाची उद्देशिका दाखवा. रोज म्हणतात, पाठ असते. ‘अंगीकृत आणि अधिनियमित करून’ यातलं अंगीकृत म्हणजे अडॉप्ट. २६ नोव्हेंबर १९४९ ला संविधान अडॉप्ट केलं. ॲडॅप्ट म्हणजे नव्या परिस्थितीला जुळवून घेणं किंवा जुळेल असं बदलणं, उदाहरणार्थ कादंबरीचं नाटक करणं.

पिंपळपार

फाशीचं सांगाल का? हंग की हँग्ड?

दिवाणी-फौजदारी

फाशीला हँग्ड. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५४(५) मध्ये मृत्युदंडाच्या आदेशाची भाषा दिली होती, तिथेही ‘हँग्ड बाय द नेक’ असंच होतं. कपडे, चित्र, घड्याळ यांना हंग. मूळची दोन वेगळी क्रियापदं होती, ती मिसळून एक झाली. सर्वसाधारण वापरात हंग रुळलं आणि कायद्याने आपलं जुनं रूप धरून ठेवलं.

विमाप्रतिनिधी

आमच्या धंद्यातलं एक त्रिकूट राहिलं. इन्शुअर, एन्शुअर, ॲश्युअर. इन्शुअर म्हणजे विमा उतरवणं, एन्शुअर म्हणजे एखादी गोष्ट नक्की होईल असं पाहणं, ॲश्युअर म्हणजे माणसाला खात्री देणं. एन्शुअर कामाला लागतं, ॲश्युअर माणसाला. मग आयुर्विम्याच्या पॉलिसीवर ‘सम ॲश्युअर्ड’ आणि गाडीच्या किंवा आरोग्याच्या पॉलिसीवर ‘सम इन्शुअर्ड’ का, असं ग्राहक विचारतात. अपघात होईल किंवा होणार नाही, आग लागेल किंवा लागणार नाही, मृत्यू मात्र येणारच. जे निश्चित आहे त्याला ॲश्युअरन्स, अशी जुनी ब्रिटिश प्रथा आहे. आपल्याकडे महामंडळाच्या नावात इन्शुरन्स आहे आणि विमाराशीला ॲश्युअर्ड, दोन्ही एकत्र नांदतात.

ओसरी

धागा अपेक्षेपेक्षा खूप समृद्ध झाला. आज वर्गात ‘ने’ची तपासणी चालू असताना मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, “बाई, सूर्य मावळला, यात ने नाही. मग ‘द सन सेट’ कसं? सिट का नाही?” प्रश्न अगदी रास्त आहे. मी तिला उद्या सांगते म्हणाले. नीरक्षीर, मदत करा.

नीरक्षीर

फार हुशार मुलगी आहे, तिला माझं कौतुक सांगा.

सेटला मध्ययुगीन इंग्रजीतच अकर्मक अर्थही चिकटले. सूर्य मावळणं हा त्यातलाच. त्यामुळे राइझ आणि सेट ही सूर्याची जोडी एकेका गटातून आलेली आहे. सिमेंट सेट होतं, हाड सेट होतं, तेही असेच. घडवणारं क्रियापद हळूहळू आपसूक घडण्यालाही वापरलं गेलं. लाय-ले मध्ये आज बोलीत हेच चाललंय, टेम्सकाठ यांनी सांगितलं तसं.

आणि आपल्याकडेही सगळीच क्रियापदं जोडीने राहत नाहीत. ‘दार उघडलं’ आणि ‘त्याने दार उघडलं’, क्रियापद एकच. ‘रंग बदलला’ आणि ‘तिने रंग बदलला’, पुन्हा एकच. तिला विचारा, मराठीत अशी आणखी कोणती सापडतात. ‘भरणे’ तिला लगेच सुचेल. पाऊस पडला, विहीर भरली. तिने हंडा भरला.

बांधावरून

‘मोडणे’ पण घ्या. फांदी मोडली, त्याने फांदी मोडली.